जीपच्या मापाची कमान

आमच्या बेटाला रस्ता होणार, हे भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी नांदेडच्या भर बाजारात ओरडले. भाजीवाली दचकली. तिला काय ठाऊक! गोदावरीच्या दोन धारांमध्ये आमचं चार घरांचं बेट. मला माहेरी जायचं तर काठावर उभं राहून हाळी द्यावी लागायची, मग भाऊ गुळाची जुनी कढई वल्हवत न्यायला यायचा. कढईत हसायचं नाही, शिंकायचंही नाही. अशा गावात पोरगी कोण देणार? भावाची तिशी उलटली होती. किनवटकडच्या एका स्थळानं तर तोंडावर सांगितलं होतं, "पोरगा चांगला हाय, पण आधी रस्ता होऊ द्या, मंग पोरगी देतो."

रस्ता कसला, लहान धारेत मुरूम टाकून केलेला भराव. पण आमच्या लेखी तो महामार्गच. मे महिन्यात त्यावरून वऱ्हाडाची जीप आली आणि बेटावर नुसता कल्ला झाला. त्याच किनवटकडच्या स्थळाची नवरी पांढऱ्या साडीत उतरली, दारात बुद्धवंदना झाली, लग्न लागलं. एरवी जोरात बोलायला लाजणारी माझी आई त्या जीपसमोर हात वर करून नाचली. मी तर इतकी नाचले की चपलेचा अंगठा तुटला, आणि मी अनवाणीच नाचत राहिले.

पण रस्ता फक्त नवरीसाठी थोडाच असतो! पावसाळा सरला, पाणी ओसरलं आणि वाळू उपसून न्यायला हायवा, म्हणजे ते थोराड डंपर, येऊ लागले. आधीच भरावाखालचे पाइप बारीक. वरच्या अंगाला पाणी तुंबून जलपर्णी माजली होती, खालच्या अंगाला मासा मिळेनासा झाला होता. आता काठही ढासळू लागला. आई ज्या वाळूत टरबुजं लावते, तिथं पुरुषभर खड्डे पडले. बेटावरच्याच दोन पोरांनी वाळूवाल्यांकडं मजुरी धरली, तर त्यांच्या घरांशी बाकीच्यांनी बोलणं टाकलं. कढईत गुडघ्याला गुडघा लागायचा तेव्हा रुसायची सोय नव्हती.

मी चिडून तक्रारींवर तक्रारी केल्या. साहेब आले, रस्त्यानंच आले, चहा पिऊन रस्त्यानंच गेले. शेवटी आई म्हणाली, "वाळू गेली की बेट गेलं. ते काय दगडाचं हाय का?"

मग सगळ्यांनी मिळून भरावाच्या तोंडाशी लोखंडी कमान उभी करायचं ठरवलं. दोन खांब, वर एक आडवा रूळ. किती उंच, यावर सकाळभर भांडण झालं. "वऱ्हाडाची जीप गेली पाहिजे," आई म्हणाली आणि भांडण मिटलं. तीच जीप आणून उभी केली, टपावर वीतभर जागा सोडली आणि रूळ वेल्डिंग करून टाकला. पहिला हायवा आला, थांबला, हॉर्नवर हॉर्न वाजवून उलटा फिरला. आम्ही टाळ्या पिटल्या! मजुरीला गेलेल्या पोरांपैकी एकाची आईसुद्धा टाळ्या वाजवत होती.

उन्हाळा लागता लागता भावजयीचे दिवस भरले. मी सुट्टी घेऊन माहेरीच होते. सकाळी कळा सुरू झाल्या, मी रुग्णवाहिका बोलावली, आणि थोड्या वेळानं चालकाचा फोन आला, "ताई, तुमच्या कमानीत गाडी आडकती."

बेटावर रुग्णवाहिका कधी आलीच नव्हती. ती जीपपेक्षा उंच असते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

भाऊ घण घेऊन धावत सुटला. आम्ही भावजयीला गादी टाकून बैलगाडीत घातलं आणि मागं निघालो. पोचलो तर कमानीच्या पलीकडं रुग्णवाहिका, तिच्या मागं दोन हायवा. ते चालक खाली उतरून, हाताची घडी घालून कमान कधी पडते याची वाट बघत होते. भावानं खांबावर घण उगारलेला. रूळ पडला की तेही आत येणार, आणि न पाडावा तर ही अशी कळवळतेय. मी ओरडले, "तोड रे, तोड!"

"काय करून राहिले तुम्ही?" बैलगाडीतून भावजय ओरडली. "ठेवा तो घण खाली!"

"अगं, पण तुला..."

"माह्या पायाला काय झालं?"

ती उतरली. एका बाजूनं आई, दुसऱ्या बाजूनं मी. रुळाखाली आली आणि कळ उठली, तशी तिनं खांबच घट्ट धरला. दात-ओठ खात उभी राहिली, मग चालत पलीकडं गेली. हायवावाल्यांनी गुपचूप गाड्या मागं घेऊन वाट दिली. मला रडू आवरेना.

दुपारी नांदेडच्या दवाखान्यात मुलगी झाली. मी आनंदानं भावजयीच्या माहेरी फोन लावला, सगळी हकिगत सांगितली, तर तिचे वडील भडकलेच, "रस्ता हाय म्हणून पोरगी दिली! गाडी दारात यायला पायजे का न्हाई?"

भावजयीनं माझ्या हातातला फोन घेतला.

"बाबा, रस्ता हाय की. पण घराला दार बी लागतं नं," ती म्हणाली, आणि लेकीला पाजायला घेतलं.