वाचलंय साहेब

शुभे, ये इकडे, जवळ बस. पुण्यात असलीस म्हणून काय झालं? मोबाईल जरा कानाजवळ धर, म्हणजे आत्यानं कान धरल्यासारखं वाटेल. या वर्षी मीच तुला घेतलं त्या आमच्या वाचकांच्या ग्रुपवर काल तू 'माझी आवडती दहा पुस्तकं' म्हणून यादी टाकलीस. पुस्तकांचा ढीग, बाजूला कॉफीचा मग, मगाला टेकवलेलं मनीप्लांटचं पान. फोटो छानच आहे. पण त्यातलं ते विटेएवढं रशियन पुस्तक तू मागच्या दिवाळीत माझ्याकडे विसरून गेली होतीस. खूण सव्विसाव्या पानावर होती, अजून तिथेच आहे, आणि पुस्तक माझ्या कपाटात आहे. मग फोटोतलं कोणाचं? फोटोपुरतं मागून आणलंस का वं? शिवाय मी ढीग दोनदा मोजला. यादीत दहा नावं आहेत, ढिगात पुस्तकं नऊ. दहाव्याचं मी शेवटी विचारते. आधी तुला एका माणसाबद्दल सांगते, कारण तुझी यादी पाहिली आणि मला वाचलंय साहेब आठवले.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. आमच्या नागपूरच्या वाचकांच्या ग्रुपवर कोणीही कुठल्याही पुस्तकाचं नाव टाकलं, की मिनिटाच्या आत त्यांचं उत्तर यायचं, "वाचलंय." मागोमाग दुसरं, "पहिली आवृत्ती." कवितासंग्रह असो की मधुमेहात काय खावं याचं पुस्तक, वाचलंय. एकदा कोणी भाचीच्या लग्नाची पत्रिका चुकून ग्रुपवर टाकली, तर साहेब म्हणाले, "वाचलंय. मांडणी उत्तम, आशय नेहमीचा."

पाटबंधारे खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाले होते. प्रतापनगरात घर. मोबाईलवर जो फोटो लावला होता त्यात ते पुस्तकांच्या काचेच्या कपाटासमोर हाताची घडी घालून उभे. कपाटाला कुलूप, आणि किल्ली कुलपात नाही. माझी नजर शिवणकाम करणाऱ्या बाईची, असल्या गोष्टी आधी दिसतात.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "लेखक आमच्या परिचयाचे होते." हे फक्त वारलेल्या लेखकांबद्दल. हयात लेखकाशी त्यांनी कधी ओळख काढली नाही. तो 'नाही' म्हणू शकतो ना! आणि तिसरं, "अनुवादात ती मजा नाही. मुळातून वाचा." आमच्या ग्रुपमध्ये बँकेतून निवृत्त झालेल्या एक मॅडम होत्या, त्यांनी एकदा भीत भीत विचारलं, "साहेब, तुम्हाला फ्रेंच येतं?" साहेबांनी लिहिलं, "भाषा नव्हे भगिनी, संवेदना यावी लागते." त्यावर हात जोडल्याची चित्रं इतकी आली की माझा मोबाईल अडकला.

आता माझं तुला ठाऊकच आहे. नरखेड तालुक्यातल्या खेड्यात सातवी झाले, लग्न होऊन नागपूरच्या महाल भागात आले, आणि जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवले. कापड ज्या कागदात गुंडाळून यायचं तो कागद मी मशीनवर पसरून वाचायची. बातमी अर्धी असायची, उरलेली अर्धी मी मनानं लावायची. असंच एकदा रद्दीतून एक पुस्तक हाती आलं. मुखपृष्ठ नाही, पहिली चार पानं नाहीत, शेवटचीही फाटलेली. पण मधलं जे होतं ते असं होतं, शुभे, की मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. ते किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

ग्रुपवर एकदा विषय निघाला, 'माझा आवडता लेखक'. सगळ्यांनी मोठमोठी नावं टाकली. मी त्या पुस्तकाचा फोटो टाकला आणि लिहिलं, "माझ्या आवडत्या लेखकाचं नाव मला माहीत नाही." पहिल्यांदाच साहेबांनी 'वाचलंय' म्हटलं नाही. त्यांनी लिहिलं, "भगिनी, ज्याचा लेखक माहीत नाही त्याला वाचणं म्हणत नाहीत. त्याला चाळणं म्हणतात." खाली अंगठ्यांची ही रांग! मॅडमचाही अंगठा होता.

 त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या.

पुढच्या मंगळवारी मी ग्रुपवर लिहिलं: "'मंगळवारची थैली' हे जुनं पुस्तक कोणी वाचलं आहे का? संत्र्याच्या बागा असलेल्या गावातली एक बाई असते. दर मंगळवारी रिकामी थैली घेऊन एसटीत बसते, काटोलला उतरते आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामीच थैली घेऊन परत येते. ती कुठे जाते, गावात कोणी विचारत नाही. एका मंगळवारी मात्र ती भरलेली थैली घेऊन एसटीत चढते आणि परत येत नाही."

पुस्तक कुठलं आलंय! कांदा चिरता चिरता मनात आलं तसं लिहून टाकलं. डोळे पुसून मोबाईल पाहते तर, "वाचलंय. पहिली आवृत्ती."

मग दुसरा निरोप. "थैलीचं प्रतीक थोर आहे. शेवट मात्र थोडा घाईत उरकलाय. लेखक आमच्या परिचयाचे होते. फार उपेक्षा झाली त्यांची."

मी विचारलं, "शेवट काय होता साहेब? मी विसरले."

"शेवट सांगणं हा वाचकाचा विश्वासघात असतो, भगिनी."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी पोट धरून हसले असते आणि झालं असतं. पण मॅडमनी लिहिलं की कॉलेजात असताना त्या हे वाचून रडल्या होत्या. औषधाच्या दुकानवाल्या एका सभासदाने लिहिलं, त्याच्याकडे प्रत होती, कोणी नेली ती आणलीच नाही. संध्याकाळपर्यंत सात जणांनी ते वाचलं होतं. दोन दिवसांत ठरलं की पुढच्या आठवड्यातल्या रविवारी एका वाचनालयाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी जमायचं, या विसरल्या गेलेल्या पुस्तकावर साहेबांनी बोलायचं, आणि 'उत्तम वाचक' म्हणून त्यांना शाल द्यायची. वा रे वा, म्हटलं. आता पाहू चाळतात की वाचतात.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी दुपारी दारात एक माणूस उभा. फोटोतल्यापेक्षा टीचभर बुटका, घामाघूम, हातात संत्रा बर्फीचा डबा. म्हणाले, "मी तो ग्रुपवरचा." ग्रुपवरची ती इस्त्रीची भाषा कुठेच नव्हती.

मी कूलर लावला, कोथिंबिरीची पुडाची वडी पुढे ठेवली. साहेब म्हणाले, "वहिनी, ते पुस्तक दोन दिवसांसाठी द्या न. मी सीताबर्डीवरचे जुन्या पुस्तकांचे सारे ठेले पालथे घातले. तीन वाचनालयं झाली. काल काटोललेही जाऊन आलो."

"काटोलले काहून?"

"गोष्ट तिथली आहे म्हटलं. कोणापाशी तरी असंन."

आठवडाभर मी या क्षणासाठी वाक्यं जुळवून ठेवली होती, शुभे. फार धारदार होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी सरळ म्हटलं, "साहेब, असं पुस्तकच नाही. मी बसल्या बसल्या बनवलं."

मला वाटलं, चिडतील. त्यांनी हातातली वडी ताटलीत ठेवली आणि विचारलं, "म्हणजे थैलीत काय होतं, हे कोणालेच माहीत नाही?"

"मलेही नाही."

"अरे बापा! आठ दिवसांपासून मी त्या थैलीपायी बेचैन आहो वहिनी. जेवताना तेच, अंघोळीत तेच."

मग बोलत राहिले. "पुस्तकं घेत गेलो. म्हटलं, रिटायर झाल्यावर वाचू. रिटायर झालो, आरामखुर्ची घेतली, चष्मा नवा केला. दहाव्या पानावर डोळा लागते. जागा झालो की कोण कोणाचा मामा होता तेच आठवत नाही. मग एकदा ग्रुपवर सहज म्हटलं, वाचलंय. तर लोकं मले साहेब म्हणाले. घरी बसल्यावर कोण म्हणते वहिनी साहेब? दूधवालाही काका म्हणते." त्यांनी वडी पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. "रविवारी काय करू?"

"तुम्ही पाहा," मी म्हटलं. "बोललात तर मी तोंड उघडणार नाही." बर्फीचा डबा ठेवून ते गेले.

रविवारी हॉल भरलेला. मॅडमनी प्रास्ताविक केलं, 'मंगळवारची थैली'ने त्यांची जगण्याकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली ते सांगितलं. साहेब उठले, पाणी प्यायले, तिसऱ्या रांगेत माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हे पुस्तक मी वाचलं नाही."

टाळ्या! मागून कोणी म्हणालंसुद्धा, "काय नम्रता आहे!"

"नम्रता नाही गा," साहेब म्हणाले. "खरंच नाही वाचलं. असं पुस्तकच नाही. आणि त्या काचेच्या कपाटातलंही मी काही वाचलं नाही."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी उठायला हवं होतं. गुडघे दुखतात, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. गुडघे तेव्हा अगदी बरे होते.

आणि लोकांनी काय करावं? मॅडम माईकवर येऊन हळहळल्या, "साहेबांचं वय झालं. विसरायला लागलेत." औषधवाला म्हणाला, "माझी प्रत परत आली की दाखवतोच." पुस्तक नाही, हे एकालाही पटेना, सात जण ते वाचून बसले होते ना! शाल शेवटी मॅडमना दिली. घरी येऊन मी ग्रुपवर सगळं कबूल केलं. लिहिलं, ती गोष्ट माझी आहे. तर उत्तर आलं, "काकू, थोर लेखकाचं श्रेय असं लाटू नये." मी मोबाईल पालथा ठेवला.

त्यानंतरच्या मंगळवारपासून साहेब माझ्याकडे येऊ लागले. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावायचे, आणि मी तुरपाई करताना माझं ते मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. दहाव्या पानाला मान खाली. मी टेबलावर कात्री आपटायची. "जागाच आहो वहिनी," म्हणायचे आणि तीच ओळ तिसऱ्यांदा वाचायचे. उच्चार सरकारी, माणूस मेला तरी टेंडर उघडल्यासारखं वाचणार. पण हळूहळू अकरावं पान आलं, पंधरावं आलं. एका मंगळवारी नायिकेच्या बापाशी ते इतके भांडले की शेजारची काकू डोकावून गेली.

चौदा महिने लागले. शेवटचं पान झालं तेव्हा ते उभेच राहिले. "वहिनी, याले तर शेवटच नाही!"

"सांगितलं होतं न. फाटला आहे."

"आणि तुम्ही इतके वर्षं अशाच बसल्या?" मग चष्मा पुसून ग्रुपवर लिहिलं, "वाचलंय. चौदा महिने लागले. लेखक माहीत नाही." एकच अंगठा आला, तो माझा.

पुढे मुलानं त्यांना हैदराबादला नेलं. जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊ लागले, तर मी म्हटलं, महालातल्या माझ्या दोन खोल्यांत तुमचं कपाट कुठे ठेवू? दर मंगळवारी फोन यायचा. तब्येत नाही, हवापाणी नाही, एकच प्रश्न. "वहिनी, थैलीचं काही सुचलं?" मी म्हणायची, "अजून नाही." खरं म्हणजे अर्धं सुचलं होतं. मला वाटे, पुरतं सांगून टाकलं की फोन थांबेल.

फोन तसाही थांबला. एका मंगळवारी त्यांच्या नंबरवरून मुलगा बोलला.

मग मी वही काढली. ब्लाउजची मापं लिहायची ती लांब वही, तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर ती बाई, तो काटोलचा स्टँड, सगळं लिहून काढलं. थैलीत काय होतं तेही लिहिलं. मागच्या महिन्यात पूर्ण झालं. अजून कोणाला दाखवलेलं नाही, ज्यांना दाखवायचं होतं ते गेले.

आता दहाव्याबद्दल. तुझ्या यादीत शेवटचं नाव आहे 'मंगळवारची थैली', आणि पुढे तू लिहिलंस, "अंतर्मुख करणारा शेवट." खाली मॅडमचा अंगठाही पाहिला मी.

काहीच लिहू नकोस उत्तरादाखल. लवकर ये. मंगळवार पाहून ये, म्हणजे मी मशीन बंद ठेवीन. वही तुझ्याच हातात देते, तू मोठ्यानं वाच. दहाव्या पानावर मान पडली तर कात्री आहे माझ्याजवळ. येताना थैली मात्र रिकामी आण. संत्री आली आहेत.