भाद्रपदातला नकाशा

आमच्या नगररचनेच्या ऑफिसात जमिनीची मोजणी वैशाखात उरकायची पद्धत होती. पिकं निघालेली, चिखल नाही, मोजणीची साखळी ओढायला सोपं. त्यामुळे बडोद्याच्या वेशीवरच्या एका गावाचा तलाव नकाशावर 'पडीक जमीन' म्हणून आला. वैशाखात तो कोरडाठाक असे, त्यात लग्नाचे मांडव लागत.

शहर तेव्हा चारी दिशांना पसरत सुटलं होतं. शेतं एकत्र करायची, रस्ता-बाग-शाळेची जागा काढायची आणि उरलेल्या जमिनीचे प्लॉट मालकांना परत द्यायचे, हे आमचं काम. नकाशे मी आखायचे. प्लॉट पडले तलावात आणि बाग गेली उंचावर. मी साहेबांना म्हटलं, अदलाबदल करू. आसपासचं सगळं पाणी तिथेच उतरतं, तलाव बुजवला तर ते लोकांच्या घरात शिरेल. साहेब गुजराती, सज्जन, पण कागदाचे भक्त. मोजणीत तलाव नाही म्हणजे नाही, असं म्हणून त्यांनी चहा मागवला. दिवाळीआधी नकाशा मंजुरीला जाणार होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

मग मी साहेबांना गणपतीच्या जेवणाला बोलावलं आणि विसर्जनालाही चला म्हणून गळ घातली. आमचा दांडिया बाजारातला गणपती पिढ्यान्‌पिढ्या शहरातल्या सूरसागर तलावात जायचा. यंदा त्या गावच्या तलावात नेऊ म्हटल्यावर बाबा तडकले. देवाला सरकारी कामाला जुंपतेस का, म्हणाले. मी म्हटलं, विघ्नहर्ताच आहे, त्याचंच तर हे काम. आई हसली, आणि बाबांचा राग मोदकांपुढे फार टिकला नाही.

तलाव काठोकाठ भरला होता. बडोद्यात पावसाळ्यात मगरी कुठेही निघतात, त्यामुळे मगर नाही ना, एवढं मात्र साहेबांनी गावकऱ्यांना पुन्हापुन्हा विचारलं. मग पँट दुमडून, गणपतीचा पाट हातात धरून ते माझ्याबरोबर पाण्यात उतरले. दुमडलेली पँट काही कामाला आली नाही. पाणी कमरेला लागलं. शाडूची मूर्ती आम्ही हलकेच सोडली.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता नऊ नंबरच्या प्लॉटमध्ये उभे आहात."



"बेन, आ तो तळाव छे," ते म्हणाले. "सोमवारे नकशो बदली नाखजो."

सोमवारी मी नकाशा बदलला. प्लॉट उंचावर गेले, तलाव राहिला. आता त्याच्याभोवती बाग आहे, आणि आमचा गणपती दरवर्षी तिथेच जातो. 'तलाव आमच्या मुलीने वाचवला,' असं बाबा शेवटपर्यंत कधी म्हणाले नाहीत. गणपतीने वाचवला, म्हणायचे. माझी काही हरकत नाही.