पुठ्ठ्याखालचे पाय

आधी एक दुरुस्ती. मागच्या आठवड्यात मी इथे घरातला एक जुना फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, '७१च्या युद्धात, काश्मीरमध्ये, हातात थ्री-नॉट-थ्री रायफल घेतलेले आमचे शहीद सखाराम आजोबा.' त्यातलं काश्मीर चूक, रायफल चूक... आणि आजोबासुद्धा चूक.

ज्यांनी सॅल्यूट पाठवले त्यांची माफी मागते. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून झालं ते सगळं सांगून टाकते.

पोस्टखाली फौजेतून रिटायर झालेल्या एका काकांनी विचारलं होतं, "ताई, रायफलचा बोल्ट कुठाय?" बोल्ट म्हणजे गोळी भरताना मागेपुढे ओढतात तो लोखंडी दांडा. शिवाय जवान रजेवर निघताना हत्यार पलटणीतच जमा करतो, घरी आणत नाही, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी लिहिलं होतं, मागचा डोंगर जरा निरखून बघा.

मी बघितला. दुपार कलली होती, आमच्या पोशीरच्या शेतांत वाल हिरवागार पसरलेला, कुठे काही हलत नव्हतं... मोबाईलवर फोटो मोठा करत गेले तसा तो डोंगर विरघळायला लागला. बर्फावर ब्रशचे फराटे दिसले. तळ्याच्या मधोमध पडद्याची चुणी. नेरळच्या स्टुडिओतलं काश्मीर होतं ते! आणि रायफल लाकडाची, नळीला काळा रंग फासलेला.

मग गणवेशाकडे लक्ष गेलं. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाह्या दुमडलेल्या, पट्टा आवळून शेवटच्या भोकात. इतके ढगळ कपडे फौजेत कोण घालू देईल?

"दिसतं ते आधी सांग, वाटतं ते मागनं," हे मला अण्णांनी शिकवलंय. अण्णा म्हणजे माझे आजोबा, सखाराम आजोबांचे धाकटे भाऊ. शाळेत घालायच्या आधी कॅलेंडरवरची चित्रं दाखवून त्यांनीच मला अक्षरं शिकवली. 'बाई खूश आहे' असं मी म्हटलं की म्हणायचे, "दात दिसतायत, येवढंच म्हन."

तर मी दिसतं ते बघायला फ्रेम उघडली. काचेच्या आत एक पुठ्ठा होता, त्याने फोटोचा गुडघ्याखालचा भाग झाकलेला. पुठ्ठा सरकवला... खाली बूट नव्हते. अनवाणी पाय होते, आणि उजव्या पायाच्या अंगठ्यावर शेजारचं बोट चढलेलं.

ते बोट मी ओळखते. दर रविवारी अण्णांची नखं मीच कापते.

आमच्या घरी संध्याकाळी बुद्धवंदना झाली की अण्णा त्या फोटोसमोर हात जोडतात. मला कळायला लागल्यापासून बघतेय... म्हणजे स्वतःच्याच फोटोसमोर?

आणि माझीच पोस्ट वाचून गावच्या शाळेने तो फोटो मोठा करून लावायचं ठरवलंय, पुढच्या मंगळवारी. जिवंत माणसाच्या फोटोला शहीद म्हणून हार पडणार. पण खरं सांगावं तर सखाराम आजोबांना चेहराच उरत नाही. त्यांचा दुसरा फोटोच नाही.

अण्णा पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी फोटो त्यांच्यापुढे धरला.

"काय गं, भूत बघितलंस काय?" ते म्हणाले. मग त्यांची नजर खाली, पायांवर गेली. "भूतच हाय ते. सतरा वर्साचं."

७१च्या उन्हाळ्यात अण्णांचा दादा सखाराम रजेवर आला होता. तो दुपारचा झोपला तसा अण्णांनी त्याचा गणवेश उचलला आणि सायकलवरून नेरळ गाठलं. बूट घेतले नाहीत, कारण बूट वाजले असते आणि दादा उठला असता. फोटो तयार झाल्यावर त्यांनी तो ट्रंकेत लपवला. हिवाळ्यात तार आली... आणि ट्रंक आवरताना तो त्यांच्या आईच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या, हाती लागला. तिने तो छातीशी धरला. 'माझा सखा' म्हणाली. दोघा भावांची चेहरेपट्टी सारखीच, मग कोण काय बोलणार?

"मग रोज हात कुणाला जोडता, अण्णा?"

"त्याच्या कपड्यांना गं. कपडं तर त्याचंच हायत ना."

"आणि पणजीला कधीच कळलं नाही?"

अण्णांनी एक शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले. "फ्रेमवाला म्हनत होता, फोटो आख्खा बसवतो. आय म्हनली, नको. गुडघ्याखाली झाक."

ते बोट माझ्या कितीतरी आधी पणजीने पाहिलेलं... पाहिलं आणि झाकलं. मग जन्मभर ती त्या फोटोला हार घालत राहिली, अण्णा शेजारी उभे राहिले, आणि दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही.

मी विचारलं, "शाळेत सांगू?"

"सांग. पन दादाचं नाव खाली उतरवू नको."

ते नाव तसंच राहील. खाली लिहायचं ठरलंय, 'गणवेश शहीद सखाराम यांचा, अंगात त्यांचा धाकटा भाऊ.' दिसतं तेवढंच. बघायला मला अण्णांनी शिकवलं, पण बघून गप्प राहण्यातही माया असते, हे मला त्या न पाहिलेल्या पणजीने शिकवलं.

शुक्रवारी, १२ डिसेंबरला, शाळा भरायच्या आधी मी अण्णांना घेऊन हेडमास्तरांकडे जातेय. फोटो बरोबर असेल. पुठ्ठा घरीच राहील.