कागलच्या वर्गातला तक्ता

संस्थान विलीन झालं त्या सुमारास मी कोल्हापूरच्या दवाखान्यात डोळे तपासायचो. तिथं माणूस बसायच्या आधीच सांगायचा, "डाक्टर, कायबी दिसत न्हाय."

तीच माणसं, कागलच्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर भरवलं की बदलायची. वर्गातल्या बाकावर बसवलं की म्हाताऱ्यांनाही परीक्षा वाटायची. पुढच्याचं ऐकून ते तक्त्यावरची अक्षरं पाठ करायचे आणि धडाधड म्हणून दाखवायचे. "अहो, ही परीक्षा नाही!" असं ओरडून ओरडून माझा घसा बसला. शेवटी वैतागून मी भिंतीवरचा तक्ता काढून पिशवीत कोंबला.

तेवढ्यात एक आजोबा येऊन बाकावर बसले. कोऱ्या भिंतीकडे बघत त्यांनी सगळी अक्षरं न अडखळता म्हटली आणि विचारलं, "पास झालो न्हवं, मास्तर?"