सांगायचा राहिलेला नेम

थायलंडचे एक भन्ते पांढुर्णा स्टेशनावर पहाटेच्या गाडीने उतरायचे होते आणि त्यांना घेऊन येण्याचे काम माझ्याकडे होते. साल नेमके आठवत नाही. ऐंशीनंतरचे चौथे किंवा पाचवे असावे. मी तेव्हा सौंसरला एका कचेरीत कारकून होतो. मला इंग्रजी येते अशी ख्याती होती. कचेरीतले मसुदे आणि एक जीर्ण शब्दकोश, एवढ्यावर ती उभी होती. आमच्या भागातल्या बौद्ध वस्त्यांतून चार दिवस फिरून धम्म आणि ध्यान शिकवायचे, हे भन्तेंचे कार्य होते. भारतात ते प्रथमच येत होते. त्यांचे बोलणे लोकांना मराठीत सांगायचे आणि लोकांचे त्यांना इंग्रजीत, हे माझे.

गाडी दोन तास उशिरा आली. डिसेंबर होता. आकाश आठवडाभर झाकोळलेले होते आणि वेचणीचा कापूस झाडावरच भिजेल या धास्तीत सगळा मुलूख होता. भन्ते उतरले. वय चाळिशीच्या आसपास, अंगावर पातळ चीवर, खांद्याला झोळी. फलाटाची फरशी जिथे संपते तिथे ते वाकले, चिमूटभर माती उचलली आणि कागदाच्या पुडीत बांधली.

“बुद्धांचा देश,” ते म्हणाले.

त्या जागी कोळशाची भुकटी आणि शेंगांची टरफले होती. मी त्यांना बाहेरची वाट दाखवली.

स्टेशनाबाहेर चहाची टपरी होती. भन्तेंना तहान लागली होती. त्यांनी हाताची ओंजळ करून टपरीवाल्याला पालीतला शब्द सांगून पाहिला, “पानीय.” टपरीवाल्याने सरळ पाण्याचा गिलास पुढे केला. भन्ते गिलास हातात धरून उभेच राहिले. ज्या भाषेतले ग्रंथ त्यांनी लहानपणापासून पाठ केले, तिच्यातला शब्द एका टपरीवर चालला होता. त्यांनी झोळीतून वही काढली आणि आपल्या लिपीत तो टिपून ठेवला.

“कुठले जी हे?” टपरीवाल्याने मला विचारले.

“थायलंडचे. धम्म शिकवायला आले आहेत.”

“पण बुद्ध तं आपल्या इकडचाच ना, बाबूजी? मंग आपलाच माल तिकडून वापस येऊन राहिला काय?”

बाकावर बसलेले सगळे हसले. भन्तेंनी मला विचारले, काय म्हणाला? मी सांगितले, तुमचे स्वागत करतो आहे. भन्तेंनी त्याला हात जोडले. टपरीवाला ओशाळला आणि गिलास विसळू लागला.

सौंसरच्या बसमध्ये त्यांनी मला आपले दोन नेम सांगितले. पहिला, दुपारी बारानंतर अन्न घेत नाही. दुसरा, स्त्रीच्या हातून कोणतीही वस्तू थेट घेत नाही. समोर कापड पसरायचे, तिने त्यावर ठेवायचे, मग उचलायचे. त्यांच्या देशात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. इथे ठाऊक नसावे, तेव्हा लोकांना आधी सांगून ठेवा, असे ते म्हणाले. मी मान हलवली आणि खिडकीबाहेरच्या संत्र्यांच्या बागा त्यांना दाखवू लागलो.

पहिला नेम मी सर्वत्र सांगितला. काहीशा मोठेपणानेच सांगितला. दुसरा सांगितला नाही. त्याचे कारण असे. माझी माय बोरगावकडच्या एका बागेत मजुरी करत असे. दुपारी मालकीणबाई भाकर द्यायच्या. माय पदर पसरून खाली उभी राही आणि भाकर वरून पदरात पडे. पाणीही वरूनच, ओंजळीत. मी पाच-सहा वर्षांचा असताना हे रोज पाहिले आहे. भन्तेंचा दुसरा नेम ऐकताच मला तो पदर दिसला. हा नेम वस्तीतल्या बायांना कोणत्या तोंडाने सांगायचा, ते मला कळेना. मी ठरवले, भन्तेंना जे द्यायचे ते पुरुषांनीच द्यायचे, अशी व्यवस्था लावावी. व्यवस्था लावली की प्रश्न उरत नाही, असे कारकुनाला वाटते.

सौंसरला तसे जमले. लोधीखेड्यालाही जमले. बाया मागे बसल्या, पुरुषांनी फळे दिली. भन्ते नवख्या माणसाच्या उत्साहाने सर्व पाहत होते. कापसाचे बोंड त्यांनी हातात घेऊन उलगडले. जुने स्तूप कोठे आहेत, हे त्यांनी दोनदा विचारले. लोधीखेड्याला त्यांनी आणखी एक विचारले, ही वस्ती गावापासून निराळी, नाल्यापलीकडे का? मी म्हणालो, इकडे मोकळी जागा अधिक आहे. त्यांनी तेही वहीत लिहून घेतले.

चौथ्या दिवशी रामाकोना होते. ते माझे गाव. माय तिथे एकटीच राहत असे. सौंसरला माझ्याकडे येऊन राहायला ती तयार नव्हती. आदल्या दिवशी निरोप द्यायला मी सायकलने गेलो. ती अंगणात तूर पाखडत बसली होती. मी तिला टपरीवरची गोष्ट सांगितली.

सूप थांबले. “आपलाच शब्द म्हणते तो?”

“आपलाच. बुद्धांच्या वेळचा.”

“मंग त्याले पाणी मी देईन. माह्या हातानं.” मग थोडे थांबून म्हणाली, “इथं तं कोणी पेलं नाई. दुसऱ्या देशचा माणूस पिईन, पाहजो तू.”

दीक्षा घेतल्याला तिला तीस वर्षे होत आली होती. देव्हाऱ्यातले देव तिने स्वतः टोपलीत घालून नदीत सोडले होते. पण वस्तीबाहेरच्या माणसाने तिच्या हातचे पाणी घेतले, असे एकदाही घडले नव्हते. ते तिला एकदा घडायला हवे होते. इतकेच.

सांगायचे तर तिथे सांगायला हवे होते. मी “बरं” म्हणालो आणि सायकल काढली. वाटेत ठरवले की ती पुढे आली की तांब्या मधूनच माझ्या हाती घ्यायचा.

रामाकोन्याचा विहार म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली. दुसऱ्या दिवशी ती गच्च भरली. वंदना झाली, प्रवचन झाले. मी भन्तेंच्या डाव्या हाताला बसून वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत होतो. शेवटचे वाक्य संपते न संपते तोच माय उजव्या बाजूने पुढे आली. अंगावर धुतलेले पांढरे लुगडे, हातात राखेने घासून लख्ख केलेला पितळेचा तांब्या, त्यावर पेला. मला उठायला वेळ मिळाला नाही.

तिने पेला भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

भन्तेंनी झोळीतून एक पिवळे कापड काढले, समोर पसरले, त्याची कड बोटांनी धरली आणि मान लववून तिला खूण केली. चेहऱ्यावर आदर होता. मी त्यांच्या शेजारी होतो. तो मला दिसला. मायला कापड दिसले.

ती भन्तेंकडे पाहत मला म्हणाली, “काय म्हणून राहिले हे?”

“त्यावर ठेव म्हणतात. नेम आहे त्यांचा.”

“कोणासाठी?”

“बायांसाठी. जातीचं नाही हे, माय. बाई कोणत्याही जातीची असो, त्यांच्या देशात असंच.”

ती पुढे झालेली पाहून संत्री घेऊन बायाही तिच्या मागे उभ्या राहिल्या होत्या. शेजारची सून म्हणाली, “मावशी, ठेवा ना जी. रांग लागली मांगं.”

माय तशीच उभी होती. मग पेल्यातले पाणी तिने तांब्यात परत ओतले, हळू, एक थेंब न सांडता. आणि गर्दीतून वाट काढत बाहेर गेली. मागच्या बायांनी संत्री कापडावर ठेवली. कोणाला काही वावगे वाटले नाही. कापड भरले.

भन्तेंनी विचारले, त्या वृद्ध माता काय म्हणाल्या?

मी म्हणालो, पाणी ताजे नव्हते; दुसरे आणायला गेल्या आहेत.

“मग थांबू या,” ते म्हणाले.

ते खरोखरच थांबले. विहाराच्या मंडळींनी पाण्याचा गिलास आणून दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला. मातेचे पाणी येत आहे, असे ते त्यांना इंग्रजीत समजावून सांगत राहिले. अर्धा तास गेला असेल. ते दाराकडे पाहत होते. अखेर मी उठलो.

माय घरात चुलीपाशी बसली होती. तांब्या समोर होता. मी तिला पुन्हा सर्व समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले.

“पहिले जात होती. आता बाई झाली,” ती म्हणाली. “कपडा तं तोच हाये ना?” मग तिने माझ्याकडे पाहिले. “तुले हे कधी मालूम झालं?”

खोटे बोलता आले असते. “चार दिवस झाले,” मी म्हणालो.

“म्हंजे काल तू इथं अंगणात बसला होता, तवा मालूम होतं.”

“होतं.”

तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. बाहेर कोणी तरी बैलाला हाकलत होते.

“तो दूरचा माणूस. त्याले काय मालूम इथलं. तुले तं मालूम होतं.” तिने तांब्या माझ्याकडे सरकवला. “ने. तू माणूस हायेस, बाई नाई. तुह्या हातचं चालते त्याले.”

मी तांब्या नेला. मातेने पाठवले, असे सांगितले. भन्तेंनी पेला माझ्या हातून घेतला आणि सगळे पाणी प्यायले. मग डोळे मिटून पालीत तिच्यासाठी मंगलकामना म्हटली आणि ती तिला जरूर सांगा म्हणाले. संध्याकाळच्या बसने आम्ही निघालो. पांढुर्ण्याला त्यांना गाडीत बसवताना त्यांनी माझे हात धरले. तुमच्यामुळे हा देश मला समजला, असे ते म्हणाले. गाडी हलली. पाऊस सुरू झाला होता.

पुढच्या रविवारी रामाकोन्याला गेलो तेव्हा मंगलकामना मायला सांगितली. “पाणी तं तुह्या हातचं पेला तो,” एवढेच ती म्हणाली. हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. विहारात ती जात राहिली, वंदनेला बसत राहिली. भन्तेंबद्दल वाईट शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

फक्त त्या रविवारपासून एक झाले. मी सायकलवरून दमून आलो की ती पूर्वी पाण्याचा पेला माझ्या हातात देत असे. आता तो समोर जमिनीवर ठेवू लागली. ठेवायची आणि कामाला लागायची. मी उचलून घ्यायचा. मुद्दाम होते की वयामुळे हात थरथरत होते, ते मी विचारले नाही. नऊ वर्षे असे चालले.

शेवटच्या आजारात तिला पाणी मी चमच्याने पाजत होतो. ती ते घेत होती. पण तेव्हा ती कोणालाच ओळखत नव्हती.