शून्याभोवतीचं कडं

तिला सगळे चकती म्हणतात. कॉलेजच्या जीवाणूंच्या प्रयोगशाळेत ती सहायक आहे. गाळणकागदाला पंच मारून वाटाण्याएवढ्या चकत्या पाडणं हे तिचं निम्मं काम. चकती औषधात भिजवायची, वाळवायची, जीवाणू पसरलेल्या प्लेटवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडं दिसलं, तर औषधाने जीवाणू रोखले. कडं नाही, तर औषध फुकट.

हे मला तिनेच शिकवलं. आम्ही दोघी एका खोलीत राहतो. मी साहित्यात एम.ए. केलंय, मुद्रितं तपासते. ती मला कवयित्रीबाई म्हणते. मी आयुष्यात कवितेची एक ओळ लिहिलेली नाही.

तिचे बाबा दगडखाणीत होते. कोणाचं बोट चेचलं की ते एकदांडीचा पाला चुरडून त्यावर बांधायचे. एकदांडी म्हणजे रस्त्याकडेचं तण, लांब दांड्यावर एकच छोटं फूल. "बाबांनी बांधलेली जखम कधी चिघळली नाही," हे तिने मला शंभरदा सांगितलंय. तिचे विभागप्रमुख या पाल्याला बकरीचा खुराक म्हणतात. तरी तिने पाला स्पिरिटमध्ये मुरवून त्याचा अर्क कपाटात ठेवलाच होता.

सोमवारी काचनळी धुताना फुटली. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट कापलं. बुधवारी ते टम्म सुजलं, पू धरला. मी म्हटलं, डॉक्टरकडे चल.

"थांब गं. माझाच पू, माझीच प्लेट. बाबांची परीक्षा घेते."

गुरुवारी संध्याकाळी ती दारातूनच ओरडली. "अठरा मिलिमीटर! कवयित्रीबाई, अठरा!" फोनवर प्लेटचा फोटो होता. पिवळट थरात चकतीभोवती गोल, लख्ख कडं. त्याच आनंदात तिने बोटाला अर्क चोपडला आणि पट्टी बांधली.

शुक्रवारी सकाळी तिला ताप होता. चहाचा कप तिने डाव्या हाताने घेतला. उजवी बाही वर सरकली तेव्हा मला मनगटापासून निघालेली लाल रेघ दिसली.

"ही काल होती?"

"कसली?"

मी माझं निळं पेन घेतलं आणि रेघ जिथे संपत होती तिथे आडवी खूण केली. ती हसली. "आता माझीही मुद्रितं तपास."

तासाभराने रेघ खुणेच्या दोन बोटं पुढे गेली होती. मी दुसरी खूण केली.

"चल. आत्ता चल."

"कडं पडलंय गं. एक दिवस दे. रोज बघते मी, कितीतरी गोळ्यांना हे जंतू भीक घालत नाहीत. पाल्याला घाबरले."

मला भांडता येत नव्हतं. तिचं शास्त्र मला येत नाही. मी तिचा फोन घेतला आणि फोटो मोठा केला. मला तेवढंच येतं, एकेक अक्षर बघणं. प्लेटवर चार चकत्या होत्या. मागे पेनाने आकडे होते. एक, दोन, तीन आणि शून्य.

"हे शून्य काय?"

"नुसतं स्पिरिट. पाला नसलेलं. स्पिरिटचं श्रेय पाल्याने लाटू नये म्हणून ठेवतात. किती वेळा सांगू?"

"मग त्याच्याभोवती पण कडं कसं?"

तिने फोन ओढून घेतला. चारही चकत्या एकेक मोठी करून पाहिल्या. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"वाळवल्या नाहीत मी," ती म्हणाली. "घाई झाली. ओल्याच ठेवल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळी कडी स्पिरिटची." मग एकदम लहान आवाजात, "माझी चप्पल कुठंय?"

दवाखान्यात पोचेपर्यंत खुणा पाच झाल्या होत्या. शेवटची कोपराच्या वर. डॉक्टरांनी हात उलटसुलट पाहिला.

"या खुणा कोणी केल्या?"

"मी."

"बरं केलंत." पुढे ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला धीर आला असता. त्यांनी ताबडतोब बोट चिरून उघडलं, शिरेतून औषध सुरू केलं, पू तपासायला पाठवला.

"बोट राहील ना?" मी विचारलं.

"आधी हात बघू."

त्या दुपारी तिच्या बाबांचा फोन आला. मी तो तिच्या कानाला धरला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काही नाही बाबा. जरा काच लागली."

"पाला बांध गं बाळा."

"बांधला बाबा."

मी भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवस मी त्या खुणा मोजत बसले. बाहेर गेले की वाटायचं, परत येईन तेव्हा रेघ पाचवीच्या पुढे गेलेली असेल. तिसऱ्या दिवशी रेघ चौथ्या खुणेखाली उतरली. हात वाचला. बोटाचं वरचं पेर गेलं.

महिन्याभराने ती कामावर रुजू झाली. पंच डाव्या हाताने मारते. परवा तिने तशीच प्लेट पुन्हा लावली. या वेळी चकत्या रात्रभर वाळवल्या. फोटो तिने माझ्यापुढे धरला. मी आधी शून्य शोधलं. त्याच्याभोवती काही नव्हतं. एकदांडीभोवती होतं, दोऱ्याएवढं बारीक कडं.

"आहे थोडं," ती म्हणाली. "जखमेला पुरेल एवढं नाही. पण आहे."

"बाबांना सांगितलंस?"

"रविवारी येतायत. बोट बघतीलच."

ती फोटोतल्या त्या दोऱ्यावर अंगठा फिरवत राहिली. हाताची पट्टी कधीच सुटलीय. तरी तिने कपाटातून नवी पट्टी काढली आणि माझ्यापुढे हात केला.

"रविवारपुरती बांध," ती म्हणाली. "जाड बांध."