हवेत पोहणारी म्हैस

त्या साली उन्हाळा लागायच्या आतच गौरम्मानं आपली म्हैस नायगावला बहिणीकडं पाठवून दिली. उदगिरात कडबा मिळेना, अन् टँकरच्या पाण्यात माणसांचंच भागेना. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. तिकडं नव्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या. इकडं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ज्वारीचं पोतं दिसत नव्हतं. गौरम्माचा नवरा महादेवप्पा सकाळी अडत दुकान उघडायचा, झाडून घ्यायचा आणि भिंतीला टेकून बसायचा.

एका दुपारी दुकानामागच्या खोलीत गौरम्माचा डोळा लागला. स्वप्नात म्हैस आली. तिला पाय नव्हते. पायांच्या जागी माशासारखे लांब, झिरझिरीत पर होते. मोंढ्याच्या पत्र्यांवरून ती संथ पोहत चालली होती, डोहात उतरल्यावर मिटावेत तसे डोळे अर्धे मिटून. सावली जिथून सरके, तिथली माती ओली होई.

जाग आली तरी तो ओला वास नाकात होता. ही म्हैस हातानं करायची, असं तिला तिथंच वाटलं.

कागदाच्या लगद्यात मेथीचं पीठ कालवून टोपल्या करणं तिच्या हातचं होतं. पण टोपलीला पालथं भांडं साचा म्हणून पुरतं. या जनावराला साचा कुठला आणायचा? ती शेजारच्या सिद्धरामकडं गेली. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

“जाड तार हाय का रे? अन् पक्कड दे थोडे दिवस.”

“काय करताव, गौरक्का?”

“म्हैस.”

सिद्धराम हसला नाही. त्यानं तारेचं भेंडोळं आणून दिलं.

तिनं आधी पाठीचा कणा वाकवला. त्यावर फासळ्यांची कडी बारीक तारेनं बांधली. शिंगं एका झटक्यात जमली, तोंड मात्र शेळीचं होऊ लागलं. दोनदा उसवलं. मग तिनं डोळे मिटले. धार काढताना कपाळ म्हशीच्या कुशीला टेकायचं, अन् मान वळवून ती हुंगायची. ते हुंगणारं नाक आठवत बोटं तारेवरून फिरली, आणि तोंड आलं.

आता ही उभी कशी राहणार?

“चार पाय लावा की,” सिद्धराम म्हणाला.

“ती चालत न्हाई. पोहते.”

महादेवप्पा इतके दिवस नुसता बघत होता. तो उठला, स्टुलावर चढला आणि तुळईला टांगलेला धान्याचा मोठा काटा काढू लागला.

“आवं, काटा काढला तर लोक म्हणतील दुकान बसलं,” गौरम्मा म्हणाली.

“म्हणू दे. रिकामी पारडी बघून मलाच कसंनुसं होतंय.”

काटा निघाल्यावर तुळईच्या रिकाम्या आकड्याला तारेची म्हैस लटकली आणि वाऱ्यानं हळूच वळली. तिच्या फासळ्यांमधून अख्खी गल्ली दिसत होती.

तांदूळ धुतलेलं पाणी साठवून गौरम्मानं लगदा भिजवला, उखळात कुटला. पहिला थर पोटावर चढवला, तो तासाभरात गळून महादेवप्पाच्या धोतरावर पडला. त्यानं धोतर झटकलं अन् एक जुनं पोतं फाडायला घेतलं. पोत्याच्या पट्ट्या तारेवर गुंडाळल्यावर लगदा धरून राहिला. परांना मात्र तिनं लगदा लावला नाही. जुन्या इरकली लुगड्याचा विरलेला तुकडा ताणून बसवला. त्यातून उन्हं आली की म्हैस निळी-हिरवी होई. दुपारी मोंढ्यातले हमाल येऊन तिच्याखाली निजायचे.

पावसाळ्यानंतर लातूरला बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. दोघं म्हैस टेम्पोत घालून गेली. तिथल्या माणसांनी ती टेबलावर ठेवली होती; गौरम्मानं दोर मागून छताला बांधायला लावली. पंखा सुरू झाला तसे पर हलले, आणि खाली उभी असलेली माणसं आपसूक हळू चालू लागली.

बालवाडीच्या एका बाईंनी ती मुलांसाठी मागितली. गौरम्मानं एकदा वर बघितलं.

“उंच बांधा,” एवढंच म्हणाली.

परतताना टेम्पोत महादेवप्पानं विचारलं, “करमंल का आता?”

“तार हाय अजून,” ती म्हणाली, आणि तिनं डोकं मागं टेकून डोळे मिटले.